रेणूंचे कलम

वाशीम जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात ‘हायब्रीड’ हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. १९६४ साली सीएसएच-१ हे ज्वारीचे पहिले संकरित वाण आले आणि पुढे वऱ्हाडात त्या ज्वारीचे नावच ‘हायब्रीड’ पडून गेले. दोन वेगळ्या वाणांचा संयोग म्हणजे संकर, एवढे शेतकऱ्याच्या मुलाला शाळेत जाण्याआधीच ठाऊक असते. औषधांच्या रसायनशास्त्रातही आज ‘संकरित रेणू’ हा शब्द रूढ झाला आहे. दोन निरनिराळ्या औषधी द्रव्यांचे रेणू, आणि त्यांपैकी निदान एक बहुधा वनस्पतीतून मिळालेला, रासायनिक बंधाने एकमेकांना जोडून त्यांचा एकच नवा रेणू घडवायचा, अशी ही रीत आहे.

मात्र ज्वारीचे उदाहरण येथे आपल्याला थोडे चकवते. ज्वारीच्या संकरात दोन्ही वाणांची जनुके प्रत्येक पेशीत एकत्र येतात आणि नव्या रोपातला कोणता भाग कोणाचा, हे बोट ठेवून दाखवता येत नाही. रेणूंच्या संकराचे खरे साम्य आहे ते संत्र्याच्या कलमाशी. विदर्भातील बागाईतदार जंबेरीच्या खुंटावर नागपुरी संत्र्याचा डोळा भरतात. मुळे जंबेरीचीच राहतात, फळ संत्र्याचेच येते. खुंट चांगला आणि डोळाही चांगला, पण बांधणी चुकली तर दोन्ही वाया जातात. विद्यार्थी मित्रांनो, पुढील हकिकती वाचताना या सांध्याकडे नीट लक्ष ठेवा.

येथे कोणी विचारील की, दोन औषधे हवी असतील तर दोन गोळ्या द्याव्यात, जोडण्याची खटपट कशाला? दोन गोळ्या पोटात गेल्या की त्यांतील द्रव्ये आपापल्या वाटेने जातात. एक लवकर शोषले जाते, दुसरे उशिरा. एक तासाभरात मूत्रावाटे निघून जाते, दुसरे आठवडाभर रक्तात राहते. जोडलेला रेणू मात्र जेथे जाईल तेथे दोन्ही भागांना एकाच वेळी नेतो. शिवाय एका भागाच्या अंगची उणीव दुसऱ्याने भरून काढावी, असाही हेतू असतो. ही उणीव म्हणजे काय, हे पाहायला दूर जायला नको. मालेगावला लागूनच रिसोड तालुका आहे आणि त्यापलीकडे हिंगोली जिल्हा. हा सगळा हळदीचा मुलूख.

हळदीचे कंद काढून शिजवतात, उन्हात वाळवतात, ढोलात घासून चकचकीत करतात, आणि इतके सोसूनही तिचा पिवळा रंग टिकून राहतो. हा रंग कर्क्युमिन या द्रव्याचा. फोगेल आणि पेल्त्ये या दोघांनी १८१५ साली ते हळदीपासून वेगळे केले. त्याची रेणुरचना कळायला मात्र १९१० साल उजाडावे लागले. कर्क्युमिनच्या रेणूत कार्बनचे २१, हायड्रोजनचे २० आणि ऑक्सिजनचे ६ अणू असतात. रेणुभार ३६८ येतो, बेरीज करून पाहा. त्याचा आकार कावडीसारखा आहे असे समजा. दोन टोकांना दोन घागरी, म्हणजे सहा कार्बन अणूंची दोन कडी, आणि मध्ये सात कार्बन अणूंची दांडी. दांडीच्या मध्याजवळ दोन कार्बन अणूंना एकेक ऑक्सिजन चिकटलेला असतो. कावडीची दांडी जेथे खांद्यावर टेकते तेथेच तिच्यावर ताण येतो. या रेणूचीही दुबळी जागा नेमकी तीच आहे.

हळदीत चुना मिसळला की लालभडक रंग येतो, आणि पूर्वापार कुंकू असेच तयार होत आले. लिंबाचा रस टाकला की रंग परत पिवळा. म्हणजे अल्कधर्मी द्रव्य भेटताच हा रेणू आपले हायड्रोजन सोडायला तयार होतो. कुंकवाला उपकारक असलेला हा चंचलपणा औषधाला मात्र घातक ठरतो. आपले रक्तही किंचित अल्कधर्मीच असते. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ३७ अंश सेल्सिअस तापमानाच्या आणि ७.२ पीएच असलेल्या द्रावणात कर्क्युमिन ठेवले, तेव्हा अर्ध्या तासात त्याचा सुमारे ९० टक्के भाग मोडून गेला. उरलेल्या तुकड्यांत व्हॅनिलीन होते, म्हणजे आइसक्रीमला वास देणारे तेच द्रव्य! प्रकाशापुढेही कर्क्युमिन टिकत नाही. पांढऱ्या फडक्याच्या दोन पट्ट्या हळदीच्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवा. मग एक उन्हात ठेवा, दुसरी कपाटात. दोन दिवसांनी त्या शेजारी शेजारी ठेवल्या की कोणाला काही सांगण्याची गरज उरणार नाही.

दुसरी उणीव शोषणाची. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आणि जे थोडेफार आतड्यातून आत जाते त्याला यकृत लगेच दुसरे गट चिकटवून बाहेर घालवते. बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात १९९८ साली काही निरोगी माणसांना एका वेळी २ ग्रॅम कर्क्युमिन दिले, तर रक्तात ते नावापुरतेच सापडले. त्याबरोबर मिऱ्यातील २० मिलिग्रॅम पायपेरीन दिल्यावर हे प्रमाण सुमारे वीसपट झाले. या वीसपटीची जाहिरात आजही गोळ्यांच्या डब्यांवर दिसते. पण जवळजवळ शून्याच्या वीसपट किती होते, हे गणिताच्या तासाला विचारण्यासारखे आहे. आणखी एक गोष्ट त्या डब्यांवर नसते. पायपेरीन हे यकृताचे द्रव्ये बाहेर टाकण्याचे कामच मंदावते, मग ते द्रव्य हळदीचे असो वा रक्तदाबाच्या गोळीचे. अलीकडच्या काळात इटलीत आणि अमेरिकेत हळदीच्या अशा जोरकस गोळ्या घेणाऱ्या काही जणांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. भाजीत पडणाऱ्या चिमूटभर हळदीशी त्यांचा संबंध जोडू नये.

तिसरी उणीव संशोधकांना फार उशिरा उमगली. परीक्षानळीत कर्क्युमिन कर्करोगावर चालते, सूजेवर चालते, जंतूंवर चालते, असे सांगणारे हजारो निबंध आहेत. इतक्या गोष्टींवर एकच रेणू चालतो हे ऐकून आनंद होण्याऐवजी शंका यायला हवी होती. कर्क्युमिन स्वतः चमकते, प्रथिनांना सरसकट चिकटते, धातूंचे अणू पकडून ठेवते. त्यामुळे चाचणीचे यंत्रच फसते आणि ‘गुण आला’ असे दाखवते. अमेरिकेतील काही रसायनज्ञांनी २०१७ साली हा सगळा पुरावा एकत्र मांडून परखड इशारा दिला. हळदीचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्यासारख्यांना तो कडू लागला तरी माझ्या मते तो रास्त होता.

मग हळदीचा रेणू टाकून द्यायचा काय? कॅलिफोर्नियातील साल्क संस्थेच्या संशोधकांनी वेगळा मार्ग धरला. मेंदूतील पेशींचे रक्षण करण्याची थोडी क्षमता कर्क्युमिनमध्ये दिसते, आणि दुसऱ्या एका मानवनिर्मित रेणूतही ती दिसते. या दोघांचे मिळून त्यांनी संकरित रेणू तयार केले. ते करताना कावडीची दुबळी दांडीच बदलून टाकली. दोन ऑक्सिजनांच्या जागी दोन नायट्रोजन अणू असलेले पाच अणूंचे घट्ट कडे बसवले. या रेणूला सीएनबी-००१ असे रुक्ष नाव मिळाले. त्यातील एकेक गट काढून आणि बदलून पाहत ते जे-१४७ या रेणूपर्यंत पोचले आणि २०११ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. वृद्ध उंदरांची स्मृती त्याने सुधारली. पेशीत एटीपी तयार करणाऱ्या विकरावर (एंझाइमवर) तो परिणाम करतो, असे २०१८ साली आढळले. २०१९ साली माणसांवरील पहिली, म्हणजे केवळ सुरक्षितता पाहणारी, चाचणी सुरू झाली. औषध म्हणून त्याला आजवर मान्यता मिळालेली नाही. स्मृतिभ्रंशाच्या बाबतीत उंदरापासून माणसापर्यंतची वाट फार लांबची असते आणि बहुतेक रेणू त्या वाटेवरच थांबतात.

यात व्यवहाराचाही एक भाग आहे. जखमेवर हळद लावण्याच्या उपायावर अमेरिकेत १९९५ साली पेटंट दिले गेले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुन्या ग्रंथांचे पुरावे देऊन १९९७ साली ते रद्द करून घेतले. जे आजीला ठाऊक आहे त्यावर मालकी सांगता येत नाही. पण कधी अस्तित्वातच नव्हता असा जोडलेला रेणू घडवला तर त्यावर ती सांगता येते. औषध कंपन्यांना संकरित रेणूंचे आकर्षण वाटते, त्याला हेही एक कारण आहे.

आता औषधाच्या दुकानात खरोखर मिळणारा संकरित रेणू पाहू, आणि तो चांगला जुना आहे. स्वीडनमधील डॉक्टर नाना स्वार्त्स यांना सांध्यांच्या विकारावर औषध हवे होते. हा विकार जंतूंमुळे होतो, अशी त्या वेळी अनेकांची समजूत होती. म्हणून वेदना व सूज कमी करणारे सॅलिसिलेट आणि जंतूंना रोखणारे सल्फा औषध एकत्र जोडावे, असे त्यांच्या मनात आले. सॅलिसिलेटांचे मूळ विलो झाडाच्या सालीत आहे. आपल्या नदीकाठचा वाळुंज त्याच कुळातला. १९३८च्या सुमारास काम सुरू झाले आणि १९४२ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. दोन भागांमधील सांधा होता दोन नायट्रोजन अणूंचा, ज्याला अॅझो बंध म्हणतात. कापडाच्या पुष्कळ रंगांत हाच बंध असतो, म्हणून हे औषध, म्हणजे सल्फासॅलॅझीन, नारिंगी पिवळे दिसते.

त्याचा सर्वांत मोठा उपयोग मात्र मोठ्या आतड्याला व्रण पडणाऱ्या रोगात झाला. असे का व्हावे? जठर आणि लहान आतडे ओलांडेपर्यंत हा सांधा बहुतांशी शाबूत राहतो. मोठ्या आतड्यात कोट्यवधी जीवाणू असतात आणि त्यांच्याजवळ अॅझो बंध तोडणारी विकरे असतात. सांधा तेथे तुटतो, आणि औषध नेमके रोगाच्या जागी मोकळे होते. आता प्रश्न उरला की, दोन भागांपैकी गुण कोणाचा? १९७७ साली ऑक्सफर्ड येथे आझाद खान, पिरिस आणि ट्रूलव्ह यांनी साधा पण बिनतोड प्रयोग केला. काही रुग्णांना पूर्ण औषधाचा, काहींना फक्त सल्फा भागाचा आणि काहींना फक्त सॅलिसिलेट भागाचा बस्ती दिला. पूर्ण औषध आणि सॅलिसिलेट यांनी गुण आला, सल्फा भाग मागे पडला. जंतुनाशक म्हणून जोडलेला भाग या रोगात केवळ वाहकाचे काम करीत होता, आणि मळमळ, डोकेदुखी यांसारखे बरेच त्रास त्याच्यामुळेच होत होते. मग रसायनज्ञांनी सल्फा काढून टाकून नवी औषधे केली. जोडणीचा मूळ हेतू फसला, सांधा मात्र कामाला आला!

हिवतापाची गोष्ट थोडक्यात सांगतो. महाराष्ट्रात हा रोग गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात ठाण मांडून आहे. सिंकोनाच्या सालीतील क्विनीन १८२० साली वेगळे करणाऱ्या दोघांपैकी एक पेल्त्ये, म्हणजे हळदीच्या रंगाचाच संशोधक. आर्टेमिसिनीन हे दुसरे वनस्पतिजन्य औषध १९७२ साली चीनमध्ये मिळाले आणि त्यासाठी तू यूयू यांना २०१५चे नोबेल पारितोषिक देण्यात आले. आर्टेमिसिनीनची औषधे काही तासांत शरीराबाहेर जातात, जोडीचे औषध मागे एकटे उरते, आणि एकट्या औषधाला तोंड द्यायला परोपजीवी हळूहळू शिकतो. डब्लिनच्या संशोधकांनी २००७ साली या दोघांना एस्टर बंधाने जोडले. प्रयोगशाळेत वाढवलेल्या परोपजीवींवर हा रेणू दोन्ही औषधांच्या समसमान मिश्रणापेक्षा अधिक प्रभावी ठरला. तरी तो बाजारात आलेला नाही. क्विनीनचा रेणुभार ३२४, आर्टेमिसिनीनचा २८२, आणि जोडलेला रेणू ६००च्या वर जातो. तोंडाने घ्यायच्या औषधाचा रेणुभार साधारणतः ५००च्या आत असावा, असा लिपिन्स्की यांचा १९९७ सालचा एक ठोकताळा आहे. शिवाय दोन गोळ्या असल्या तर एकीची मात्रा कमी-जास्त करता येते. जोडलेल्या रेणूत एकास एक हे प्रमाण कायमचे ठरून जाते.

वजनाची ही अडचण सुईने द्यायच्या औषधाला लागू होत नाही, आणि तेथेच आपल्या सह्याद्रीतले एक झाड कथेत येते. त्याच्या फुलांना दुर्गंधी येते म्हणून त्याला नरक्या म्हणतात. शास्त्रीय नाव नोथापोडायटिस निम्मोनियाना. जुन्या पुस्तकांत मॅपिया फिटिडा असे सापडेल. मुंबईत गोरेगाव येथे सिबा कंपनीचे संशोधन केंद्र होते. तेथील गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी १९७२ साली या झाडात कँप्टोथेसीन हे द्रव्य असल्याचे दाखवले. ते द्रव्य प्रथम एका चिनी झाडात सापडले होते. १९६६ साली अमेरिकेत त्याची रचना उलगडणाऱ्यांत मन्रो वॉल यांच्याबरोबर मनसुखलाल वाणी होते. वाणींचा जन्म १९२५ साली नंदुरबारचा, शिक्षण मुंबई विद्यापीठात आणि मग अमेरिकेत. टॅक्सॉल या दुसऱ्या प्रसिद्ध कर्करोगविरोधी द्रव्याची रचनाही याच जोडीने १९७१ साली जगापुढे ठेवली. २०२० साली वाणी वारले. त्यांचे नाव आपल्या शाळांतून अधिक ऐकू यायला हवे होते.

कँप्टोथेसीन काम कसे करते? दोरीचे दोन पेड मधूनच ओढून उलगडायला गेलात तर पुढच्या भागात पीळ वाढत जातो. पेशी विभागताना डीएनएच्या दोन धाग्यांचे तसेच होते. तो पीळ काढण्यासाठी एक विकर एका धाग्याला छेद देते, पीळ सैल होऊ देते आणि धागा पुन्हा सांधते. कँप्टोथेसीन छेद दिल्यानंतर त्या विकराला जागच्या जागी अडकवून ठेवते. सांधायचे राहून जाते, आणि भराभर विभागणारी कर्कपेशी मरते.

हा रेणूही नाजूकच. त्यातील लॅक्टोन नावाचे एक कडे मिटलेले असेल तरच तो काम करतो, आणि रक्तात ते कडे उघडते. शिवाय तो पाण्यात विरघळत नाही. १९७०च्या सुमारास डॉक्टरांनी कडे उघडलेल्या, पाण्यात विरघळणाऱ्या क्षाराचीच सुई रुग्णांना दिली. गुण थोडा आला. मूत्र मात्र बहुधा आम्लधर्मी असते, आम्लात ते कडे पुन्हा मिटते, आणि मूत्राशयाच्या अस्तराला जबर इजा झाली. चाचण्या थांबवाव्या लागल्या. पुढे वीस वर्षांहून अधिक काळ गेला, आणि मग रेणूत फेरफार करून टोपोटेकान आणि आयरिनोटेकान ही औषधे आली. आयरिनोटेकानमध्ये मूळ रेणूला पाण्यात विरघळणारा एक तुकडा अशा बंधाने जोडला आहे की शरीरातील विकरे तो आपोआप तोडतात. हे एक छोटे कलमच.

मोठे कलम २०१९ साली आले. काही स्तनकर्करोगांच्या पेशींवर हर-२ नावाचे प्रथिन फार मोठ्या प्रमाणात असते आणि त्यालाच चिकटणारे एक प्रतिपिंड औषध म्हणून आधीपासून वापरात होते. जपानी संशोधकांनी प्रयोगशाळेत घडवलेले कँप्टोथेसीनचे एक भावंड या प्रतिपिंडाला जोडले. प्रतिपिंडाचा रेणुभार सुमारे दीड लाख, आणि प्रत्येकावर भावंडाचे सुमारे आठ रेणू. यातील सांधा पाहण्यासारखा आहे. चार अमिनो आम्लांची एक लहान साखळी तेथे घातली आहे. रक्तात ती बरीचशी शाबूत राहते. पेशीने प्रतिपिंड गिळले की ते लयकारिकेत पोचते, तेथील प्रथिने पचवणारी विकरे साखळी कापतात आणि विष आतच मोकळे होते. या औषधाला अमेरिकेत त्याच वर्षी मान्यता मिळाली. कोणी म्हणेल, याला संकरित रेणू म्हणणे जरा ताणून झाले. शब्दासाठी वाद घालण्यात अर्थ नाही, तत्त्व तेच आहे. काही रुग्णांच्या फुप्फुसांना या औषधाने गंभीर सूज येते, त्यामुळे डॉक्टरांना डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे लागते. किंमतही अशी की बहुतेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेरची.

इकडे नरक्याच्या लाकडात कँप्टोथेसीनचे प्रमाण शेकडा एका भागाहूनही कमी असते. टोपोटेकान व आयरिनोटेकान यांच्या कच्च्या मालासाठी झाडे तुटत गेली आणि सह्याद्रीतून चोरटी वाहतूकही झाली. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेतील संशोधकांनी २००५ साली पश्चिम किनाऱ्याकडील नरक्याच्या आतल्या सालीत एक बुरशी शोधून काढली. झाडाच्या आत राहणारी ही बुरशी वेगळी वाढवली तर तीही कँप्टोथेसीन तयार करते. अशा बुरश्यांपासून कारखान्याला पुरेल एवढे द्रव्य मिळवण्याचे प्रयत्न अजून चालू आहेत, आणि तोवर मागणीचा बराचसा भार झाडांवरच आहे.